सोलापूरच्या गच्चीवरून सत्तावीस मेगाहर्ट्झ: लांबचा आवाज कुठल्या चॅनेलवर शोधायचा

सीबी, म्हणजे सिटिझन बँड, या सामान्य माणसाच्या बोलायच्या रेडिओचा नाद नवीन लागलेला माणूस पहिला प्रश्न हमखास एकच विचारतो: "लांबच्या देशांसाठी चांगला चॅनेल कुठला?" मी उलट विचारतो, "घड्याळात किती वाजलेत?" हुरड्याला कुठलं शेत चांगलं, असं मे महिन्यात विचारून काय उपयोग? आधी ज्वारी कोवळी असायला हवी, शेत त्यानंतर बघायचं. चॅनेलचंही तसंच आहे. जो चॅनेल सकाळी नऊला इंडोनेशियन गप्पांनी भरून वाहतो, तोच रात्री अकराला नुसता फसफसतो.

माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, त्यामुळे तारेची भीती नव्हती. बाकी सगळं चुकतमाकत शिकलो. खाली लिहिलंय ते त्याच क्रमाने, म्हणजे तुमच्या चुका तरी नव्या असतील.

आधी हद्द कळू द्या

भारतात सिटिझन बँड विनापरवाना वापरायची मुभा २००५ च्या नियमांनी दिली. पट्टा २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ, ताकद जास्तीत जास्त ५ वॅट, तीही अँटेनातून बाहेर पडणारी. दुसऱ्या कुणाला अडथळा आणायचा नाही, आणि तुम्हाला अडथळा आला तर तक्रारीचा हक्क नाही. सेट कुठलाही चालतो असं नाही, तो मंजूर प्रकारातला असावा लागतो. परदेशातून कुणी पाहुण्याने आणलेला सेट लगेच गच्चीवर जोडून 'हॅलो हॅलो' करू नका. नियमाचा मूळ मजकूर काढून एकदा सावकाश वाचा, अँटेनाबद्दल काय म्हटलंय तेही बघा. पाच-सात मिनिटांचं काम आहे.

आता हा पट्टा चॅनेलवर बसवून बघू. जगातल्या बहुतेक देशांत चालणारे नेहमीचे ४० चॅनेल २६.९६५ पासून २७.४०५ पर्यंत जातात. आपली हद्द २७.२८३ ला संपते. म्हणजे चॅनेल १ ते २७ आत आणि २८ पासून पुढे बाहेर. लांबच्या संपर्कासाठी सगळीकडे गाजलेले जे चॅनेल आहेत, ते बहुतेक या हद्दीबाहेर पडतात. ही गोष्ट नवख्याला कुणी सांगत नाही. तो परदेशी व्हिडिओ बघून २७.५५५ वर बोलायला जातो.

म्हणून माझी शिफारस स्पष्ट आहे. पहिले सहा महिने माइकला हात लावू नका, फक्त ऐका. एका देशाचा आवाज ओळखीचा झाला की दुसरा आपोआप सापडतो.

आकड्यांची गंमत

दोन शेजारच्या चॅनेलमध्ये साधारण १० किलोहर्ट्झचं अंतर असतं, पण मध्येच आकडा उडी मारतो. ३ नंबर २६.९८५ ला, ४ नंबर थेट २७.००५ ला. मधली २६.९९५ ची जागा रिमोट कंट्रोलसाठी सोडलेली आहे. अशीच २७.०४५, २७.०९५, २७.१४५ आणि २७.१९५ ची. रिमोटवर चालणाऱ्या स्वस्त खेळण्यातल्या गाड्या यातल्याच एखाद्या जागी बसतात. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेतून पोरांनी अशी गाडी आणली की दोन-तीन दिवस आमच्या गल्लीत २७.१४५ वर 'टर्रर्र' सुरू असतं. पहिल्या वर्षी मी ते कुठल्यातरी देशाचं सांकेतिक प्रसारण समजून वेळेसकट वहीत टिपून ठेवलं होतं.

आणखी एक खोच आहे. २२ नंतरचा २३ नंबर २७.२५५ ला आहे, पण २४ आणि २५ मागे जाऊन २७.२३५ आणि २७.२४५ ला बसतात. अमेरिकेत १९५८ मध्ये हा बँड सुरू झाला तेव्हा चॅनेल २३ च होते. १९७७ पासून ४० झाले, तेव्हा मधली रिकामी जागा या दोघांना मिळाली. नंबरावर विसंबू नका, वहीत कायम मेगाहर्ट्झ लिहा.

ऐकायला काय लागतं

तीन वाटा आहेत. पहिली फुकटची: इंटरनेटवर लोकांनी उघडे ठेवलेले रेडिओ. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर २९ मेगाहर्ट्झच्या थोडं पुढपर्यंत ऐकवतो, आणि किवीएसडीआर नावाचे रिसिव्हर तर ऑस्ट्रेलियापासून युरोपपर्यंत पसरलेत. मोबाइलच्या ब्राउझरवर चालतात. पण तिथे ऐकू येतं ते तिथल्या आकाशातलं, सोलापूरच्या नव्हे. कान तयार करायला उत्तम, "मी इटली पकडली" म्हणायला नाही.

दुसरी वाट आरटीएल-एसडीआर डोंगलची. लॅपटॉपला लावायची पेनड्राइव्हएवढी वस्तू. तिचा ट्यूनर साधारण २४ मेगाहर्ट्झपासून पुढे चालतो, त्यामुळे आपला पट्टा कुठल्याही जादा जोडणीशिवाय मिळतो. सगळा बँड स्क्रीनवर धबधब्यासारखा दिसतो, कुठे काही हाललं की लगेच डोळ्यांत भरतं. नवख्याने माझ्या मते हीच घ्यावी. तिसरी वाट म्हणजे ३० मेगाहर्ट्झपर्यंत जाणारा, एसएसबीचं बटण असलेला शॉर्टवेव्ह रेडिओ. एसएसबी म्हणजे सिग्नलची एकच बाजू, वरची (अप्पर) किंवा खालची (लोअर), पाठवायची पद्धत. ती नसेल तर घेऊ नका. लांबची निम्मी बोलणी त्यातच चालतात, आणि ती साध्या रेडिओवर नाक दाबून बोलल्यासारखी ऐकू येतात.

अँटेना मात्र घरीच बांधा. २७ मेगाहर्ट्झची लाट ११ मीटर लांब, तिच्या अर्ध्याचा डायपोल, म्हणजे मधोमध तोडून दोन बाजूंना ताणलेली तार. तारेच्या जाडीमुळे आणि टोकांच्या परिणामामुळे प्रत्यक्षात एकूण सव्वापाच मीटर धरा, म्हणजे मधून दोन्ही बाजूंना प्रत्येकी २ मीटर ६३ सेंटिमीटर. साधी घरगुती वायरिंगची तार चालते. मधोमध प्लास्टिकचा तुकडा, टोकांना नायलॉनची दोरी. नुसतं ऐकायचं असेल तर डिश टीव्हीची ७५ ओहमची केबल या डायपोलला छान जुळते, नवीन काही आणायची गरज नाही. केबल अँटेनाला जिथे जोडली तिथेच खाली तिचे वीतभर व्यासाचे सहा-सात वेढे करून टेपने बांधा, म्हणजे केबलच्या जाळीवरून घरातला कचरा वर चढत नाही.

आता दिशा. हे शोधायला मला नकाशा आणि एक रविवार लागला. सोलापूरपासून रोम साधारण साडेसहा हजार किलोमीटर, वायव्येला. पर्थ सात हजार, आग्नेयेला. जकार्ता सव्वाचार हजारांच्या आसपास, तेही आग्नेयेकडेच. डायपोल आपल्या तारेला काटकोनात सगळ्यात जास्त ऐकतो. म्हणजे तार ईशान्य-नैऋत्य ताणली की एका बाजूला युरोप आणि दुसऱ्या बाजूला इंडोनेशिया-ऑस्ट्रेलिया, दोन्ही एकाच दोरीत. आपल्या गावाला मिळालेला हा फायदा आहे, फुकट घालवू नका. जमिनीपासून किमान साडेपाच मीटर उंची मिळवा. जुन्या पेठेत माळवदाचं घर असेल तर माळवदावर पाइप रोवायच्या आधी घरातल्या थोरांना विचारा. पावसाळ्यात गळायला लागलं की खापर तुमच्याच डोक्यावर फुटणार.

विजेच्या तारांपासून अँटेना लांब ठेवा, पडली तरी तारेवर पडणार नाही इतकी. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचे ढग दाटले की केबल काढून खिडकीबाहेर टाका. गडगडाट ऐकू आल्यावर नाही, ढग दिसल्यावर.

खरा शत्रू: घरातली घरघर

आमच्या मागच्या बाजूला यंत्रमागाचा कारखाना आहे. रेडिओ लावला की सिग्नल मीटरचा काटा सात-आठवर अडकलेला आणि 'झर्रर्र' असा सतत आवाज. मी महिनाभर कारखान्याला शिव्या घातल्या. मग विचार केला, यंत्रमागाला इंडक्शन मोटार असते, तिच्यात कार्बन ब्रश नसतो, ठिणगी उडणार कुठून? या मोटारी तर मी रोज गुंडाळतो! एका संध्याकाळी वीज गेली, रेडिओ बॅटरीवर होता, आणि बँड एकदम शांत झाला. इतका शांत की मला आधी रेडिओच बंद पडला असं वाटलं. वीज आल्यावर घरातला एकेक स्विच चालू करत गेलो. चोर सापडला आमच्याच स्वयंपाकघरात, एक स्वस्तातली एलईडी ट्यूब. दुसरा चोर मोबाइलचा चार्जर.

तुम्हीही हेच करा. रेडिओ बॅटरीवर चालवा, घराचा मेन बंद करा, ऐका, मग एकेक सर्किट चालू करा. सोलरचा इन्व्हर्टर असेल तर दिवसा तोच पहिला संशयित. घर शांत झाल्याशिवाय कुठलाही चॅनेल 'वाईट' ठरवू नका.

आकाश कधी उघडतं

२७ मेगाहर्ट्झचा सिग्नल लांब जातो तो जमिनीवरून नव्हे, तर शेकडो किलोमीटर वरच्या आयनोस्फिअरवर आपटून. सूर्याच्या उन्हाने तो थर तयार होतो. एका उडीत तीन-चार हजार किलोमीटर, दोन उड्यांत रोम किंवा पर्थ. मधली माणसं वगळली जातात. पर्थ कानाशी बोलेल, पुण्याचा मात्र पत्ता लागणार नाही. याला स्किप म्हणतात.

थर उन्हाचा, म्हणून माझा एकच ठोकताळा: दोन्ही गावांत ऊन हवं. हिवाळ्यात रोममध्ये सूर्य उगवतो तेव्हा आपल्याकडे दुपारचे बारा वाजलेले असतात. आपला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणून युरोप शोधायचा तो दुपारी एकपासून दिवेलागणीपर्यंत, त्यातही चारच्या आसपास. पर्थचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास, तिथे संध्याकाळ लवकर होते. म्हणून ऑस्ट्रेलिया-इंडोनेशिया सकाळी आठपासून. सकाळी आग्नेय, दुपारनंतर वायव्य, एवढं पाठ केलं तरी निम्मं काम झालं. अमेरिका मात्र शेवटी. ती जगाच्या पार पलीकडच्या बाजूला, सुरुवातीला तिच्या मागे लागून हिरमुसू नका.

महिन्यांपैकी ऑक्टोबर ते मार्च चांगला. वर्षांचंही चक्र आहे, साधारण अकरा वर्षांचं. सध्याचं सौरचक्र, पंचविसावं, डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं आणि त्याचा माथा २०२४ मध्ये येऊन गेला. आता उतार आहे, तेव्हा जे ऐकायचं ते लवकर ऐकून घ्या. रोज सकाळी चहा होईपर्यंत दोन आकडे बघायचे: सोलर फ्लक्स, म्हणजे सूर्य किती जोरात आहे, आणि के इंडेक्स, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वात किती खळबळ आहे. फ्लक्स दीडशेच्या वर आणि के तीनच्या खाली असेल तर दुकान थोडं उशिरा उघडायला हरकत नाही. फ्लक्स शंभराच्या खाली असेल तर निमूट कामाला लागा.

आता चॅनेल

बसल्या बसल्या सुरुवातीलाच एसएसबीकडे पळू नका. आधी एएमवर, म्हणजे साध्या रेडिओच्या पद्धतीवर, चार जागा बघा, कारण तिथे ट्रकवाले दिवसभर बोलतच असतात आणि त्यांना बँड उघडा आहे की बंद याच्याशी देणंघेणं नसतं. २७.१३५, म्हणजे १५ नंबर, रशियातल्या ट्रकवाल्यांचा. २७.१८५, म्हणजे १९ नंबर, अमेरिकेच्या हमरस्त्यांवरचा. पोलंडचे ट्रकवाले १९ च म्हणतात, पण ५ किलोहर्ट्झ खाली, २७.१८० ला. २७.०२५, ६ नंबर, अमेरिकेत मोठमोठ्या ताकदीचे सेट लावून एकमेकांवर ओरडणाऱ्यांचा. तिथे सभ्यतेची अपेक्षा ठेवू नका.

या जागांवर सुरुवातीला शब्द ऐकू येत नाहीत. आधी येते शिट्टी. दोन-चार स्टेशनं एकाच चॅनेलवर थोडी वरखाली असली की त्यांच्या वाहक लहरी एकमेकींवर घासतात आणि बारीक, लहरणारी शिट्टी निघते. कालपर्यंत जिथे नुसतं 'शऽऽ' होतं तिथे आज अशा शिट्ट्या असतील तर समजा, दार किलकिलं झालंय. तिथून हलू नका. दहा-पंधरा मिनिटांत त्यातून एखादा आवाज वर येतो, मोठा होतो, बुडतो, पुन्हा येतो.

मग देश ओळखायचा. आपण सोलापूरकर याबाबतीत नशीबवान. भाजी घेताना तेलुगू, रिक्षात कन्नड, घरी मराठी, त्यामुळे न समजणाऱ्या भाषेचाही सूर कानाला पटकन लागतो. सगळी भाषा कळायची गरजही नाही. प्रत्येक जण आपलं वाक्य संपलं की 'आता तुम्ही बोला' या अर्थाचा एक शब्द टाकतो, तेवढा पकडा. इंडोनेशियन माणूस म्हणतो 'गांती', रशियन 'प्रियोम', इटालियन 'पासो', स्पॅनिश 'काम्बियो', जर्मन 'कोमेन'. माझ्या वहीतली पहिली खरी नोंद 'गांती'चीच आहे. बरेच दिवस मला वाटायचं गांती नावाची कुणी बाई आहे आणि सगळे तिलाच हाका मारताहेत.

एएमवर हालचाल दिसली की मग एसएसबी. ऑस्ट्रेलियासाठी २७.१५५ आणि २७.३५५, दोन्ही लोअर साइडबँडवर, म्हणजे १६ आणि ३५ नंबर. अमेरिकेसाठी २७.३८५ लोअर, ३८ नंबर. आणि सगळ्या जगाची हाक मारायची जागा म्हणजे २७.५५५ अप्पर. बहुतेक देशांत ती अधिकृत पट्ट्याबाहेरच आहे, तरी जत्रा तिथेच भरते. ब्रिटनने १९८१ मध्ये सीबी कायदेशीर केला तेव्हा स्वतःचा वेगळाच एफएम पट्टा दिला, २७.६०१२५ ते २७.९९१२५. दुपारी तोही एकदा चाळून बघा.

एसएसबी आणि एफएमच्या या जागांपैकी फक्त २७.१५५ आपल्या हद्दीत येतो. बाकी ठिकाणी कान द्या, तोंड नाही.

२७.५५५ वर बसलात तर एक शिस्त दिसेल. कुणी तिथे गप्पा मारत बसत नाही. हाक मारली, उत्तर आलं की दोघे ठरवून पाच-दहा किलोहर्ट्झ बाजूला सरकतात. तुम्हीही त्यांच्या मागे सरका, खरी बोलणी तिकडेच होतात. नाव म्हणून ते आधी एक आकडा सांगतात, तो देशाचा: १ म्हणजे इटली, १३ जर्मनी, १४ फ्रान्स, २६ इंग्लंड, ३० स्पेन, ४३ ऑस्ट्रेलिया, १६१ पोलंड. पुढे त्यांच्या मंडळाची अक्षरं आणि सभासद क्रमांक. 'फोर्टी-थ्री' ऐकू आलं की मी अजूनही खुर्चीत सरळ बसतो.

एसएसबीत आवाज जाडा किंवा चिरका वाटला तर क्लॅरिफायर, म्हणजे बारीक ट्यूनिंगचं बटण, अगदी केसभर फिरवा. माणसाचा आवाज माणसासारखा व्हायला लागला की थांबा. एसडीआर असेल तर माउसने १० हर्ट्झच्या पायरीने.

आणि तरीही काहीच ऐकू येत नसेल, आपलंच काही चुकतंय की आकाश बंद आहे हे कळत नसेल, तर २८.२०० मेगाहर्ट्झला जा. तिथे हौशी रेडिओवाल्यांची आंतरराष्ट्रीय बीकन साखळी आहे, बीकन म्हणजे ठरल्या वेळी आपोआप खुणेचा सिग्नल सोडणारं स्टेशन. जगभरातली अठरा स्टेशनं, प्रत्येकाला दहा सेकंद, तीन मिनिटांत एक फेरी पूर्ण. मोर्समध्ये नाव आणि मग एकेक पायरी कमी होत जाणारी ताकद, १०० वॅटपासून ०.१ वॅटपर्यंत. मोर्स येत नसलं तरी हरकत नाही, कुठल्या दहा सेकंदांत कोण हे वेळापत्रकात छापलेलं असतं, घड्याळ मात्र अचूक हवं. पर्थच्या बाजूचं बीकन आलं तर ऑस्ट्रेलियाची वाट उघडी. सगळ्यात जवळचं श्रीलंकेचं. मधली एक-दोन स्टेशनं नादुरुस्त असू शकतात, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

वही

दोनशे पानी, रेघांची. तारीख, वेळ, मेगाहर्ट्झ, मोड, काय ऐकू आलं, सिग्नल किती, त्या दिवशीचा फ्लक्स. वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत लिहा, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. जागेच्या रकान्यात एमके७७ लिहा, जगाच्या चौकटीत सोलापूरचा तो पत्ता. शहर या चौकटीच्या अगदी पूर्व कडेला आहे. अक्कलकोटला गेलात की एमके८७ लागतं. परदेशी मंडळींशी पुढे कधी संपर्काच्या पोचपावतीच्या कार्डांची देवाणघेवाण झाली तर हाच पत्ता सांगायचा, घराचा दरवाजा नंबर नव्हे.

तीन महिन्यांनी वही उलटी वाचा. माझ्या वहीत दिसलं की मी दुपारी जेवायला घरी येतो त्या वेळातच रशियन जास्त सापडतात आणि रविवारी सकाळी इंडोनेशिया. हा तुमचा स्वतःचा चॅनेलचा तक्ता, दुसऱ्या कुणाचा उसना घेऊन चालत नाही.

बोलायचंच असेल तर

सहा महिन्यांत तोंडाला खाज सुटणारच. पाच वॅटवर १ ते २७ च्या आत नियम पाळून नशीब अजमावता येतं. पण ज्याला खरंच पर्थच्या माणसाशी नाव-गाव सांगून बोलायचंय, त्याने हौशी रेडिओचा परवाना काढावा. केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा असते. वयाची बारा वर्षं पूर्ण असली की बसता येतं, रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्सही लागत नाही. मग २८ ते २९.७ मेगाहर्ट्झचा दहा मीटर बँड कायदेशीर खुला होतो. तो आपल्या सीबीचा सख्खा शेजारी, आकाशही तेच आणि वेळाही त्याच. बीकन ऐकायला तुम्ही आधीच तिथे जाऊन आलेले असता. तुमचा डायपोल वाया जात नाही. दोन्ही बाजूंनी तेरा-चौदा सेंटिमीटर तार कापायची, डिशची केबल काढून ५० ओहमची लावायची, एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेना किती जुळली ते सांगणारा आकडा, बघायचा.

मी तार कापली तेव्हा ते दोन तुकडे टाकले नाहीत. वहीच्या पहिल्या पानाला, 'गांती'च्या नोंदीशेजारी, चिकटपट्टीने लावून ठेवलेत.